नागीण बरी झाली, पण आईची आग जात नाही (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आम्ही डिचोलीचे. आई ६८ वर्षांची. चतुर्थीच्या आधी तिला उजव्या कुशीत नागीण उठली. खपल्या पडून चार महिने झाले, पण तिथे पदर नुसता घासला तरी ती कळवळते. पंख्याचा वाराही सोसत नाही. आणि तळहात घट्ट दाबून धरला की बरं वाटतं म्हणते!

एका डॉक्टरांनी ‘जखम भरलीय, आता सगळं मनाचं’ म्हणून वाटेला लावलं. मला ते पटलं नाही. वाचून एवढं कळलं की नागिणीचा विषाणू मज्जातंतूलाच इजा करतो. तिथून संदेश आदळत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी हळव्या होतात (क्लिफर्ड वुल्फ या संशोधकांनी १९८३ मध्ये हे प्राण्यांवर दाखवलं) आणि साधा स्पर्शही वेदना म्हणून मेंदूकडे जातो. उलट मेंदूकडून वेदना दाबणारे संदेशही खाली येतात. झोप उडाली की हा लगाम सैल पडतो. आईची तर रात्र रात्र कूस बदलण्यात जाते.

दुसऱ्या डॉक्टरांनी रात्री प्रेगाबालिन (मज्जातंतूंच्या वेदनेवरचं औषध) सुरू केलंय. आग थोडी कमी आहे, पण सकाळी चक्कर येते. परवा तुळशीला पाणी घालताना तोल गेला, वृंदावन धरलं म्हणून वाचली. डॉक्टरांना सांगणारच आहे.

म्हापसा, पणजी किंवा मडगावात फक्त वेदनेवर उपचार करणारे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? लिडोकेनच्या (कातडी बधिर करणाऱ्या औषधाच्या) चिकटवायच्या पट्ट्या कुणी वापरल्यात का, गुण आला का?

मंत्र, उतारे, पाला सगळं करून झालंय. ते कृपया सुचवू नका.