बालपणीची मैत्री पुढे पुरते का? तुमचे अनुभव लिहा

लेकीची आई
परवा जेवताना माझी 14 वर्षांची लेक म्हणाली, "आई, वर्गात मी सगळ्यांशी बोलते, पण माझी अशी कुणीच नाही." माझा घास हातातच राहिला. तिच्या वयात मी मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात शिरून लाडवांचा डबा उघडायचे, विचारायचीही गरज नसायची. जून 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल आला. जगात दर 6 माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो, आणि किशोरवयातल्या मुलांमध्ये हे प्रमाण सर्वात जास्त आहे, असं त्यात म्हटलंय. तेव्हा नुसतं वाचलं होतं, आता ते ताटापाशी येऊन बसलंय. ज्यांना लहानपणी जिवाभावाचं कुणी होतं त्यांनी लिहा, ज्यांना नव्हतं त्यांनी तर लिहाच.

चाळकरी
लालबागची चाळ, दुसरा मजला. आईची खाणावळ होती, गिरणीतले बारा-तेरा जण दोन वेळ जेवायचे. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अशाच खाणावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यात आईही होती. शेजारच्या खोलीतला माझा मित्र आमच्याच पंगतीत वाढला. बोंबलाच्या कालवणाचा वास आला की हा ताट घेऊन दारात. आई काही न बोलता त्याची वाटी काठोकाठ भरायची.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याचे वडील साचाखात्यात, म्हणजे मागावर होते. वडील दिवसभर घरी म्हणून आम्हा पोरांना आधी मजाच वाटली. मग गणपती गेले, दिवाळी गेली, पंगतीतली माणसं एकेक करून गावी गेली. पुढच्या मे महिन्यात त्यांनीही खोली सोडली आणि संगमेश्वरकडचं गाव गाठलं. "शाळा उघडली की येतो," म्हणाला. सहावीची परीक्षा नुकती झाली होती. त्याची दोन पोस्टकार्डं आली, 15 पैशांची. दुसऱ्याला मी उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, ते आजही सांगता येत नाही.

2014 मध्ये एका लग्नात भेटला. आधी दोघंही अहो-जाहो करत होतो. मग एकदम म्हणाला, "काय रे, आई अजून वाटी काठोकाठ भरते का?" आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तोवर मी बायकोसमोर रडलो नव्हतो, भावासमोरही नाही. त्या दिवशी मांडवामागे, खुर्च्यांच्या थप्पीशेजारी रडलो. ऑफिसातल्या सोबत्यांनी आईला पाहिलं ते अंथरुणाला खिळलेली म्हातारी म्हणून. हातात ओगराळं घेऊन तेरा माणसांना दटावणारी आई ठाऊक असलेला घराबाहेरचा तोच एक उरला होता. आता दर रविवारी सकाळी फोन असतो. विषय शोधावा लागत नाही.

माहेरवाशीण
पुरुष गावी आला की त्याला पारावर मित्र भेटतो. आमचं तर गावच सुटतं. माझी मैत्रीण हादग्याच्या खिरापतीचा डबा माझ्या कानाशी हळूच हलवायची, मला ओळखता यावी म्हणून. तिचं सासर परभणीला, माझं नाशिकला. तीस वर्षं तिची खबर आईकडून कळायची आणि माझी तिला तिच्या आईकडून. दोघींच्या आया गेल्या, बातमीही थांबली. सुखात आहे मी, घर भरलेलं आहे. पण मला एकेरी नावाने हाक मारणारं बाहेरचं माणूस आता कुणी नाही.

बदलीवाल्याची लेक
वडील पाटबंधारे खात्यात. धरणांच्या वसाहतींत वाढले, दहावीपर्यंत 7 शाळा झाल्या. दर वेळी मधल्या सुट्टीत डबा घेऊन कुठे बसायचं, हाच प्रश्न असायचा. पुढे पुढे मी मैत्री करणंच सोडलं, कारण जूनमध्ये ती तुटणार हे ठरलेलंच. ती सवय मोडायला चाळीशी उजाडली. हार्वर्डचा 1938 पासून चाललेला अभ्यास आहे ना, त्यात पन्नाशीत नात्यांमध्ये समाधानी असलेली माणसं ऐंशीत जास्त निरोगी निघाली. नाती लहानपणचीच हवीत अशी अट त्यात नाही, हे वाचून मला किती हलकं वाटलं! माझी सर्वात जवळची मैत्रीण मला 43 व्या वर्षी भेटली, टेकडीवर फिरताना. ताई, लेकीला हे जरूर सांगा.

मागचा बाक
माझं वेगळं आहे. शाळेत मला रोज छळणारेच आज शाळेच्या ग्रुपवर "आपले सोनेरी दिवस" लिहितात. ते वाचून जितकं एकटं वाटायचं तितकं एकटा असतानाही वाटत नाही. ग्रुप सोडला. बालपणीचं सगळंच जपण्याजोगं नसतं.

लेकीची आई
सगळं लेकीला वाचून दाखवलं. टेकडीवरची मैत्रीण तिला आवडली. मागच्या बाकाचं ऐकून बराच वेळ गप्प होती. मग तिने एकच विचारलं, "त्या काकांच्या दुसऱ्या पोस्टकार्डात काय होतं?"

चाळकरी
कार्ड आहे अजून, कपाटात. लिहिलंय, "इथे विटीदांडूला चौघे जण आहेत. पण डाव मोडला तरी माझ्याशी कुणी भांडत नाही. लवकर पत्र टाक."