भाचीला दत्तक घेऊन अमेरिकेत आणायचंय, लवकर मदत हवी आहे

एडिसनकरीण: नणंद गेली. तिची मुलगी साताऱ्यात सासूबाईंकडे आहे. तिला दत्तक घेऊन इकडे आणायचंय. साताऱ्याचे वकील म्हणतात, दत्तकपत्र नोंदवून टाका, आठवड्याचं काम. इथला इमिग्रेशन वकील म्हणतो, सही करू नका. कोणाचं ऐकू? तिकिटं काढलीत.

कट्टेकर: मुलीचं वय? वडील आहेत का? तुम्ही सिटिझन की ग्रीन कार्ड? काहीच न सांगता काय डोंबल उत्तर देणार?

निवृत्तकाका: साताऱ्याचे वकील बरोबर सांगतायत. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा. मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं की झालं, दत्तहोमसुद्धा सक्तीचा नाही. माझ्या साडूंनी असंच केलं.

मृद्गंध: काका, साडू राहतात कुठे?

निवृत्तकाका: चिंचवडला. त्याचा काय संबंध?

मृद्गंध: तोच तर संबंध! परदेशी न्यायचं तर 'कारा'ची (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) एनओसी, म्हणजे ना-हरकत, लागते. भारत आणि अमेरिका दोघांनाही परदेशी दत्तकाचा हेग करार लागू आहे. आधी होम स्टडी (तुमच्या घराची-परिस्थितीची पाहणी) आणि आय-८००ए (तुम्ही दत्तक घ्यायला योग्य आहात, यासाठीचा अमेरिकेचा अर्ज), मग आय-८०० ला (त्या मुलीसाठीचा अर्ज) तात्पुरती मंजुरी, दत्तक त्यानंतर. आधीच दत्तकपत्र केलंत तर अर्ज तिथेच अडकेल.

एडिसनकरीण: नवरा सिटिझन, मी ग्रीन कार्ड. मुलगी १३ ची. वडील दुसरं लग्न करून नाशिकला. आमची धाकटीही ताईची वाट बघतेय हो.

मृद्गंध: धाकटी म्हणजे तुम्हाला मुलगी आहे?? मग १९५६ च्या कायद्याने दुसरी मुलगी दत्तक घेताच येत नाही. कलम ११ वाचा. वकिलांनी विचारलं नाही?

एडिसनकरीण: नाही. फी मात्र आधी घेतली.

जिलबी: स्टुडंट व्हिसावर बोर्डिंगला आणा ना, कशाला एवढा व्याप.

शांभवी_पुणे: आम्ही इथे काराच्या रांगेत कधीपासून ताटकळतोय, आणि लोकांना नात्यातली मुलं

कट्टेकर: ताई, वेगळा धागा काढा.

डॅलसवाला: वहिनींनी दोन वर्षं साताऱ्यात तिच्यासोबत राहावं आणि आय-१३० (नातेवाइकाला अमेरिकेत आणायचा नेहमीचा अर्ज) भरावा.

मृद्गंध: आणि एवढा काळ अमेरिकेबाहेर राहून स्वतःचं ग्रीन कार्ड घालवावं? बाल न्याय कायद्याने जा. त्यात मामा 'नातेवाईक' धरला जातो. सप्टेंबर २०२२ पासून आदेश जिल्हाधिकारी देतात. साताऱ्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. आय-८०० मात्र १६ पूर्ण व्हायच्या आत भरायला हवा, तेव्हा होम स्टडी आत्ताच सुरू करा.

निवृत्तकाका: दत्तकपत्राला आक्षेप कोण घेणार आहे?

मृद्गंध: अमेरिकेचा व्हिसा अधिकारी, काका.

एडिसनकरीण: वडिलांची सही लागेलच का? फोनच उचलत नाहीत.

मृद्गंध: हयात आहेत, म्हणजे त्यांची लेखी संमती हवीच. आणि मुलीला विचारलंत का? तिचीही संमती लागते.

एडिसनकरीण: तिला विचारते आज. जावयांशी सासूबाई बोलतील. तिकिटं रद्द केली तर पैसे परत मिळतात का?

जिलबी: कुठली एअरलाइन?