कमी किलोमीटर की पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड? कुटुंबासाठी जुनी गाडी घेताना कशाला वजन द्यावं

पाना_बारा (मूळ धागा)

जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती चाललीये?" माझ्या मते हा प्रश्न चौथ्या नंबरला हवा. आधी सर्व्हिसच्या पावत्या, मग इंजिन-गिअरबॉक्सचा प्रकार, मग गाडीची आजची अवस्था, आणि शेवटी मीटर.

दोन गाड्या समोर धरा, दोन्ही आठ वर्षांच्या. पहिली १,३०,००० किमी चाललेली. दर १०,००० किमीला ऑइल-फिल्टर बदलल्याच्या पावत्या आहेत, टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ राखणारा पट्टा), तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप ९०,००० ला एकत्र बदललेत. दुसरी ४०,००० चाललेली, कागद एकही नाही. बहुतेक जण दुसरीला जास्त पैसे मोजतात. तिच्यात बेल्ट आठ वर्षांचा आहे, आणि रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. म्हणून तर बेल्टला किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. शिवाय गाडी छोट्या फेऱ्यांनाच वापरली असेल तर इंजिन पुरतं तापतच नाही, पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये साठत जातं आणि आत काळा गाळ धरतो. बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकले की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवल्याशिवाय सुटका नाही.

हिशोबी

साफ असहमत. तुम्ही दुसऱ्या गाडीतल्या ज्या उणिवा सांगितल्यात, त्यातल्या बहुतेक ठरावीक खर्चाच्या आहेत: बेल्टचा पूर्ण सेट, सगळी ऑइलं, कूलंट, टायर, बॅटरी. यादी करा, गॅरेजमधून आकडा घ्या, किमतीतून वजा करा.

१,३०,००० वाल्या गाडीचं तसं नाही. क्लच प्लेट, शॉकअप, सस्पेन्शनचे रबरी बुश, व्हील बेअरिंग, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असेल तर टर्बो, हे काही ऑइल बदलून नवं होत नाही. पुढच्या ५०,००० किमीत यातलं काय कधी जाईल ते कुणीच सांगू शकत नाही. आणि पावतीवरून पैसे भरले एवढंच कळतं, काम नीट झालं की नाही ते कळत नाही.

पाना_बारा

@हिशोबी, यादीचा मुद्दा मान्य, पण ४०,००० हा आकडा खरा असेल तरच. कागद नसताना तो पडताळायचा कसा? क्लच-ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा आणि चढता-उतरता घासली जाणारी ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघायची. सगळ्यात सोपे टायर. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१७ ची, मीटर २५,००० आणि चारही टायर २०२१ चे, तर पहिला सेट इतक्यात कसा गेला हे विचारायलाच हवं. वयामुळे बदलले असतील, तर पावती दाखवता यायला हवी.

आणि तुमच्या यादीत आतला गाळ नाही. ऑइल भरायचं झाकण काढून टॉर्च मारा. सोनेरी-तपकिरी थर चालेल, बोटाला लागणारा काळा चिकट थर दिसला तर तिथूनच परत फिरायचं. झाकणाखाली पांढरट साय मात्र दर वेळी हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेल्याची खूण नसते. थंड हवेत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही ती धरते. कूलंट कमी होतंय का आणि डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ आहे का, हे बघून मगच निष्कर्ष काढा.

दुसरा_गिअर

तुम्ही दोघं किलोमीटर आणि कागदांवरून भांडताय, पण स्वस्त गाडी महाग पडते ती बहुतेकदा गिअरबॉक्समुळे. ड्राय क्लचचा (क्लच ऑइलमध्ये न बुडालेला) ड्युअल क्लच गिअरबॉक्स, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, रखडणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तापतो. सुटताना थरथर, पहिल्या-दुसऱ्यात हिसका जाणवला की क्लच पॅक किंवा मेकाट्रॉनिकचं (गिअर बदलणाऱ्या नियंत्रण युनिटचं) काम जवळ आलं समजा. सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअरऐवजी बेल्ट-पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) ऑइल वेळेवर बदललं नाही तर बेल्ट आणि पुली घासतात, तिथे दुरुस्तीपेक्षा अख्खा गिअरबॉक्स बदलायची वेळ येते. "आयुष्यभर ऑइल बदलायला नको" असं कुणी म्हटलं तर ते आयुष्य गिअरबॉक्सचं, गाडीचं नव्हे.

कुटुंबासाठी कमी बजेटमध्ये माझं उत्तर एकच: बिनटर्बोचं पेट्रोल, पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या आधी फवारणारं), आणि मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचवणारा) ऑटोमॅटिक. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे तिथे कार्बन साठतो. पोर्ट इंजेक्शनमध्ये तो आपोआप धुतला जातो. डिझेलचा तर विचारही करू नका.

ऑइलकॅन

@दुसरा_गिअर, सरसकट डिझेल बाद करणं चुकीचं आहे. डीपीएफमधली, म्हणजे डिझेलच्या धुराच्या फिल्टरमधली, काजळी जाळायला एक्झॉस्ट साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. रोज चार किलोमीटर जाणाऱ्या गाडीत ते होत नाही, फिल्टर तुंबतो, अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनचं (काजळी जाळण्याच्या प्रक्रियेचं) डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी चक्क वाढलेली दिसते. (वाढलेली पातळी बघून खूश होणारे गिऱ्हाईक कमी नाहीत.) पण रोज हायवेला चालणाऱ्या, सामान-माणसांनी भरलेल्या मोठ्या गाडीला डिझेलसारखा टॉर्क आणि मायलेज बिनटर्बो पेट्रोल देत नाही. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन घाट चढताना लहान पेट्रोल इंजिन सतत वरच्या आरपीएमला ओढावं लागतं. वापर आधी ठरवा, इंधन नंतर.

ऑइल बदलल्याच्या नोंदी असलेला सीव्हीटी मी बेधडक घेईन. नोंदी नसतील तर नाही. म्हणजे फिरून मी पाना_बारांच्याच बाजूला.

मागची_सीट

"साधी गाडी" म्हणत आठ-दहा वर्षं मागे जाताय, मग मागे मुलं बसणार आहेत त्यांचं काय? ईएससी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा), साइड एअरबॅग आणि दोन आयसोफिक्स जागा (मुलांची सीट अडकवायचे हूक) नसतील तर ती गाडी माझ्या यादीत नाही, इंजिन कितीही टिकाऊ असो. क्लच नंतर बदलता येतो, ईएससी नंतर बसवता येत नाही.

बघताना इग्निशन ऑन करून एअरबॅगचा दिवा बघा. तो लागायला हवा आणि काही सेकंदांनी विझायला हवा. लागलाच नाही तर दिवा काढलाय किंवा बिघाड लपवलाय. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. खालच्या भागात पाण्याची रेघ किंवा सुकलेला चिखल दिसला तर गाडी पुरात बुडालेली असण्याची शक्यता मोठी. सीटखालचे रूळ गंजलेत का तेही बघा. अशा गाडीचं वायरिंग पुढची कित्येक वर्षं त्रास देतं, किंमत अर्धी असली तरी नको.

हिशोबी

@मागची_सीट, याला विरोध नाही, उलट माझाच मुद्दा पक्का होतो: त्याच पैशात नवी आणि सुरक्षित गाडी हवी असेल तर कागद नसलेली, कमी चाललेलीच हाती लागते. कागद नसतील तर तपासणी वाढवा. "मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका" असं सांगा आणि पोचल्यावर बोनेटला हात लावून खात्री करा. थंड स्टार्टला पहिले दोन-तीन सेकंद खडखडली तर टायमिंग चेन (काही इंजिनांत बेल्टऐवजी ती असते) किंवा तिचा टेन्शनर बघावा लागेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चौथ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. आरपीएम चढले आणि वेग चढला नाही तर क्लच घसरतोय. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट आली तर चाकाकडे ताकद नेणारा सीव्ही जॉइंट गेलाय.

सगळ्यात महत्त्वाचं, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. फक्त कोड बघू नका, "रेडिनेस मॉनिटर", म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात की नाही, तेही बघा. कोड नाहीत पण कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर वगैरे मॉनिटर "अपूर्ण" दिसले, तर बहुधा अलीकडेच कुणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीये. बऱ्याच गाड्या कोड पुसल्यापासूनचं अंतरही दाखवतात.

पाना_बारा

ही तपासणी उत्तम, पण ती पावत्या असलेल्या गाडीचीही करायचीच आहे. मग दोन्ही गाड्या यातून सुखरूप बाहेर आल्या तर? तुमच्याकडे आजची अवस्था आहे, माझ्याकडे आजची अवस्था आणि शिवाय आठ वर्षांचा इतिहास. त्या जादा माहितीसाठी मी ९०,००० किमी सोडायला तयार आहे.

हिशोबी

मी नाही. ९०,००० किमीची झीज लिफ्टवर घेतल्यावर बुश आणि शॉकअपवर दिसते. माझी अट एवढीच: बेल्टचं काम आणि सगळी ऑइलं व्यवहाराच्या दिवशीच, गाडी लांबच्या प्रवासाला काढायच्या आधी.