उत्तर: बिल्ड रात्री इन्स्टॉलरपाशी अडकतो

प्रश्न असा होता: महाप्याच्या ऑफिसात डबल-क्लिक केलं की इन्स्टॉलर (प्रोग्राम बसवून देणारी सेटअप फाइल) बनतो, पण सर्व्हरवर रात्री आपोआप चालणारा बिल्ड (कोडमधून प्रोग्राम तयार करण्याचं काम) तिथेच अडकतो. बहुधा कुठलीतरी खिडकी 'ओके'ची वाट बघत असणार. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस (पाठीमागे चालणारे प्रोग्राम, रात्रीचा बिल्डही बहुधा तसाच चालतो) वापरणाऱ्यापेक्षा वेगळ्या सेशनमध्ये चालतात, त्यामुळे ती खिडकी स्क्रीनवर दिसतच नाही. (दिसली तरी ठाण्याची लोकल पकडलेला माणूस 'ओके' दाबणार कसा?)

इनो सेटअप (इन्स्टॉलर बनवणारा प्रोग्राम) असेल तर खिडकीवाला कंपायलर सोडा, सोबत येणारा आयएससीसी (ISCC, कमांडने चालणारा कंपायलर) वापरा. आवृत्तीचा क्रमांक स्क्रिप्टमध्ये हाताने बदलू नका, आयएससीसीच्या कमांडला स्लॅश-डी (/D) लावून बाहेरून द्या.

आणि आयएससीसीचा एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना परत देतो तो आकडा) तपासाच. ० म्हणजे झालं, १ म्हणजे पॅरामीटर चुकले किंवा आतली गडबड, २ म्हणजे कंपाइल फसलं. खरी फसगत बॅच फाइलमध्ये (ओळीने कमांड चालवणाऱ्या फाइलमध्ये) होते. आयएससीसीनंतर कॉपीची ओळ असली आणि जुनी सेटअप फाइल व्यवस्थित कॉपी झाली, की आधीचा २ पुसला जातो आणि बिल्ड हिरवा, म्हणजे यशस्वी, दिसतो. कोडची तपासणी लगेच पुढच्याच ओळीत हवी.

एमएसआय (.msi प्रकारचा विंडोज इन्स्टॉलर) बसवून बघत असाल तर स्लॅश-क्यूएन (/qn) द्या, म्हणजे खिडक्या येत नाहीत. एक्झिट कोड ३०१० आला तर बिल्ड फसला असं धरू नका, इन्स्टॉल झालेलं असतं, फक्त रीस्टार्ट बाकी असतो.