डॅनियल स्प्राँग: डच आइस हॉकीचे यश की तिची उणीव?

हिमरेषा (चर्चेचा प्रस्ताव)

अ‍ॅम्स्टरडॅममध्ये 17 मार्च 1997 रोजी जन्मलेला डॅनियल स्प्राँग एनएचएल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च आइस हॉकी लीगमध्ये साडेतीनशेहून अधिक सामने खेळला आणि 2025 मध्ये मॉस्कोच्या सीएसकेए संघाशी करारबद्ध झाला. नेदरलँड्समध्ये जन्मून या लीगपर्यंत पोचलेले खेळाडू मोजकेच आहेत, त्यामुळे त्याचे नाव निघाले की डच आइस हॉकीची पाठ थोपटली जाते. मला हे कौतुक अनाठायी वाटते. तो सात वर्षांचा असतानाच कुटुंबाने कॅनडातील माँट्रियल गाठले, आणि हा निर्णय घेणारे वडील स्वतः आइस हॉकी खेळलेले होते, म्हणजे मायदेशी या खेळाला किती वाव आहे हे त्यांना इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते. पुढे कॅनडातीलच शार्लटटाउनच्या ज्युनियर संघात तो घडला आणि 2015 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, पिट्सबर्ग पेंग्विन्सने त्याला 46 व्या क्रमांकावर निवडले. या वाटचालीत डच क्रीडाव्यवस्थेचा हात नेमका कुठे लागला, हे कोणी दाखवून द्यावे.

पेनल्टी_कॉर्नर

साफ असहमत. खेळाडू घडतो तो फक्त संघटनांच्या कागदांवर नाही. मुलाच्या हाती काठी देणारे आणि त्याला बर्फावर उभे करणारे वडील हेही डच आइस हॉकीचेच अपत्य आहेत. शिवाय कॅनडा आणि नेदरलँड्स यांच्यातली देवघेव कधीच एकतर्फी नव्हती. नेदरलँड्सचा संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच खेळला, 1980 मध्ये लेक प्लॅसिडला. तिथे त्याने पोलंडला 5-3 असे हरवले आणि जपानशी 3-3 अशी बरोबरी साधली (सोव्हिएत संघाने 17 गोल चढवले, तो भाग सोडून द्या). त्या संघात कॅनडात वाढलेले डच वंशाचे कितीतरी खेळाडू होते आणि ते यश आपण बिनदिक्कत डच मानतो. मग उलट दिशेने गेलेल्या मुलाच्या बाबतीतच हिशेब का बदलावा?

निळी_रेषा

जन्मभूमीचा वाद बाजूला ठेवून खुद्द कारकीर्द पाहू, कारण मुळात तिला यश म्हणावे का, याविषयीच मला शंका आहे. पिट्सबर्ग, अ‍ॅनाहाइम, वॉशिंग्टन, सिअ‍ॅटल, डेट्रॉइट, व्हँकूव्हर, पुन्हा सिअ‍ॅटल आणि शेवटी न्यू जर्सी, अशी ही भटकंती आहे. 2022-23 मध्ये सिअ‍ॅटलसाठी 66 सामन्यांत 21 गोल आणि एकूण 46 गुण (गोल आणि गोलसाठी केलेले साहाय्य मिळून) मिळवूनही संघाने त्याला पुढे ठेवले नाही. डेट्रॉइटमध्ये 18 गोल झाले, तिथेही तेच. इतक्या वेगवेगळ्या प्रशिक्षकांचे मत एकच होत असेल, तर दोष त्या सगळ्यांच्या नजरेत आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, प्रतिस्पर्ध्याकडे गेल्यावर मागे धावत येणे, आपल्या गोलजवळ अंग झोकून फटका अडवणे, ही कष्टाची आणि टाळ्या न मिळणारी कामे त्याच्या खेळात कायम उणी राहिली.

पेनल्टी_कॉर्नर

निळी_रेषा, आपण दिलेले आकडेच आपल्या मताविरुद्ध साक्ष देतात. ते 21 गोल त्याने सामन्यामागे जेमतेम 11-12 मिनिटे मिळत असताना केले, तेही चाचणीसाठी बोलावले गेल्यानंतर मिळालेल्या साडेसात लाख डॉलरच्या, म्हणजे लीगमधील किमान वेतनाच्या, एका वर्षाच्या करारावर. उजव्या हाताने मारणारा हा खेळाडू पॉवर प्लेमध्ये (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) बर्फावर आखलेल्या डाव्या वर्तुळाजवळ उभा राहून, आलेला पक न थांबवता थेट फटकावतो, तेव्हा गोलरक्षकाला एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकायलाही सवड मिळत नाही. पण वॉशिंग्टनमध्ये नेमकी तीच जागा संघाचा हुकमी गोलवीर अलेक्झांडर ओव्हेच्किन याची होती आणि तिथून त्याला हलवण्याचा विचार कोणीही शहाणा प्रशिक्षक करणार नाही. गुणवत्ता असूनही वेळ आणि जागा जुळून न येणे याला दुर्दैव म्हणतात, अपयश नव्हे.

आइंडहोवनकर

मी नेदरलँड्समध्ये राहतो आणि अधूनमधून टिलबर्गला सामने पाहायला जातो, म्हणून थोडी स्थानिक माहिती देतो. या देशात बर्फावरील खेळांचे वेड कमी नाही. 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगच्या 36 पदकांपैकी 23 डच खेळाडूंनी नेली. परंतु ते वेड 400 मीटरच्या धावपट्टीचे आहे, आणि हॉकी म्हटले की इथल्या शेजाऱ्याला हिरव्या टर्फवरचीच हॉकी आठवते. पॅरिसमध्ये 2024 साली पुरुष आणि महिला दोन्ही सुवर्णपदके त्यांनीच जिंकली. आइस हॉकी या दोन थोरल्या भावंडांच्या मधे सापडली आहे. टिलबर्ग ट्रॅपर्स या इथल्या क्लबने तर स्थानिक स्पर्धा अपुरी पडते म्हणून 2015 पासून जर्मनीच्या तिसऱ्या श्रेणीत खेळायला सुरुवात केली आणि 2016, 2017 व 2018 अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली, तरी परदेशी संघ म्हणून वरच्या श्रेणीचे दार त्यांना उघडले नाही. जिंकूनही पुढे जाता येत नसेल, तर तिथल्या दहा वर्षांच्या पोराने कोणाकडे पाहून खेळावे?

हिमरेषा

आइंडहोवनकर, आपण माझेच म्हणणे अधिक नेटके मांडलेत. मात्र स्प्राँग कुटुंब देश सोडून गेले ते 2004 च्या सुमारास, म्हणजे टिलबर्गच्या जर्मन प्रयोगाच्याही दशकभर आधी. पेनल्टी_कॉर्नर यांच्या 1980 च्या दाखल्याविषयी एवढेच म्हणेन की, त्या खेळाडूंपैकी अनेकांची कुटुंबे युद्धानंतरच्या स्थलांतरात पोटापाण्यासाठी कॅनडात गेली होती. नेदरलँड्समधील वेस्पला जन्मलेला आणि पुढे एनएचएलमध्ये अटलांटा व सेंट लुइसकडून खेळलेला एड की (Ed Kea) हा खेळाडूही त्याच लाटेतला. त्यांच्या मुलांना हॉकी तिथे गेल्यावर सापडली. स्प्राँगच्या घरी हॉकी आधीच होती, आणि ती टिकवायची म्हणून देश सोडावा लागला. हे दोन प्रवास एका पारड्यात कसे घालता येतील?

पेनल्टी_कॉर्नर

फरक मान्य, निष्कर्ष अमान्य. घरात आधीच होती म्हणता, ती हॉकी घरात आली कुठून?