मदत हवी आहे: खालच्या मजल्यावरच्या पीसीवरचे प्रोग्राम लॅपटॉपवर धड उघडत नाहीत

तर्री_पोहे (धागाकर्ता):
नागपूर, दुमजली घर. खाली उबंटू २२.०४ चा डेस्कटॉप, केबलने राउटरला जोडलेला. वर आर्च लिनक्सचा लॅपटॉप, एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप), वायफायवर. मे महिन्यात वरच्या खोलीत डेस्कटॉप तापून बंद पडेल, म्हणून तो खालीच राहणार. लॅपटॉपवरून 'एसएसएच -एक्स' (मोठा एक्स) ने डेस्कटॉपमध्ये शिरून तिथले प्रोग्राम चालवतो; एसएसएच म्हणजे दुसऱ्या मशीनमध्ये शिरायची आज्ञा, '-एक्स' ने तिथल्या खिडक्या इथल्या पडद्यावर येतात.

एक्सक्लॉक (घड्याळ) आणि गिंप (चित्रं सुधारायचा प्रोग्राम) उघडतात. फायरफॉक्स उघडत नाही, 'राँग ऑथेंटिकेशन' म्हणून नकार येतो. थोड्या वेळाने तर काहीच नवीन उघडत नाही, 'कान्ट ओपन डिस्प्ले' येतं. आधी उघडलेलं गिंप मात्र चालूच असतं. आणि कूलर लावला की खिडक्या अडकत अडकत सरकतात.

लॅपटॉपवर 'एक्सहोस्ट +' (पडदा सगळ्यांना खुला करणारी आज्ञा) देऊन पाहिलं. डेस्कटॉपच्या बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) डिस्प्ले, म्हणजे खिडक्या कुठे उघडायच्या ते सांगणारं चल, म्हणून लॅपटॉपचा आयपी आणि :० टाकून पाहिलं, तेव्हा तर गिंपही बंद झालं. ती ओळ सध्या काढली आहे.

बर्डीकर:
ती ओळ परत टाकू नका भाऊ, आणि 'एक्सहोस्ट -' देऊन दार पुन्हा लावून घ्या. 'एक्सहोस्ट +' म्हणजे तुमच्या पडद्यापर्यंत ज्याला पोचता येईल, त्याला कळफलकावरची प्रत्येक कळ वाचता येते, पासवर्डसकट.

इथे सर्व्हर म्हणजे तुमचा लॅपटॉप. एक्स म्हणजे लिनक्समधली खिडक्या दाखवणारी व्यवस्था; पडदा ज्याच्याकडे तो एक्स सर्व्हर. खालचा पीसी कितीही दणकट असला तरी त्याच्यावरचं गिंप हे क्लायंटच, म्हणजे सर्व्हरकडून खिडक्या काढून घेणारं. थेट आयपी देऊन ते का चालत नाही? एक्सऑर्ग (लिनक्सवरचा नेहमीचा एक्स सर्व्हर) १.१७ पासून, म्हणजे २०१५ पासून, नेटवर्कवरून येणारी थेट जोडणी मुळातच ऐकत नाही. एसएसएच डेस्कटॉपवर स्वतः एक खोटा डिस्प्ले उभा करतं. 'एको $डिस्प्ले' दिलं की 'लोकलहोस्ट:१०.०' दिसायला हवं. त्यामागे पोर्ट ६०१० असतो. हे मूल्य हाताने बदललं की एसएसएचने खणलेला हा बोगदा बाजूलाच राहतो.

फायरफॉक्सचं कारण वेगळं. उबंटू २२.०४ मध्ये तो स्नॅप (बंदिस्त पॅकेज) म्हणून येतो आणि स्नॅपला स्वतःचं वेगळं होम फोल्डर दाखवलं जातं. त्यामुळे तुमच्या होममधली .एक्सऑथॉरिटी ही किल्लीची फाइल त्याला सापडत नाही. एसएसएचने आत गेल्यावर आधी हे द्या, चलांची नावं कॅपिटलमध्ये:

एक्स्पोर्ट एक्सऑथॉरिटी=$होम/.एक्सऑथॉरिटी

मग फायरफॉक्स सुरू करा. सुडो लावून, म्हणजे रूट (प्रशासक) म्हणून, प्रोग्राम उघडला तर हाच नकार याच कारणाने येतो, कारण रूटच्या होममध्ये ती किल्ली नसते.

काळी_चौकट:
थोड्या वेळाने म्हणजे नेमकं किती? घड्याळ लावून बघा, २० मिनिटं भरतील.

'-एक्स' ने अविश्वासू (मर्यादित हक्कांची) जोडणी मिळते आणि तिच्या 'फॉरवर्डएक्स११टाइमआउट' ची मुदत मुळात २० मिनिटं आहे. मुदत संपली की नव्या खिडक्या नाकारल्या जातात, जुन्या राहतात. डेबियन आणि उबंटूवाल्यांना हे सहसा दिसत नाही, कारण तिथे '-एक्स' दिलं तरी विश्वासू जोडणीच होते. आर्चने मूळ वागणूक तशीच ठेवली आहे.

डेस्कटॉप तुमचाच आहे, तेव्हा विश्वासू जोडणीसाठी '-वाय' वापरा, तेही कॅपिटल. दुसऱ्याच्या मशीनवर जाताना मात्र '-एक्स' च ठेवा आणि लॅपटॉपच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये ती मुदत वाढवा; ० म्हणजे मुदतच नाही.

तर्री_पोहे:
२१ व्या मिनिटाला नकार आला, अगदी बरोबर. '-वाय' ने दोन तास झाले, सगळं उघडून राहिलं आहे. फायरफॉक्सही आला. पण टीमक्सच्या (एका टर्मिनलात अनेक शेल चालू ठेवणारा प्रोग्राम) आतून अजून 'कान्ट ओपन डिस्प्ले' येतं, बाहेरून नाही.

काळी_चौकट:
टीमक्समध्ये आधीच्या लॉगिनचा डिस्प्ले अडकलेला असतो. नवीन जोडणीला कदाचित ११.० मिळाला असेल आणि आतली जुनी शेल १०.० ला चिकटून बसली असेल. टीमक्समधून डिटॅच होऊन पुन्हा अटॅच व्हा आणि आत नवीन खिडकी उघडा, तिला ताजं मूल्य मिळतं. जुन्या शेलमध्ये मात्र हातानेच द्यावं लागेल. डिस्प्ले हाताने द्यायची माझ्या मते हीच एक रास्त जागा.

बर्डीकर:
आता कूलर. राउटर आणि लॅपटॉप यांच्या मध्ये पत्र्याचा डेझर्ट कूलर येतो का? पत्रा लहरी परतवतो, टाकीतलं पाणी शोषतं. एक्समध्ये लहानसहान निरोपांची ये-जा फार असते, म्हणून वेगापेक्षा उशीर जास्त नडतो. पिंग (निरोप जाऊन यायचा वेळ मोजणारी आज्ञा) लावून ठेवा, कूलरची जागा बदला आणि आकडे ताडून पाहा. एसएसएचच्या '-सी' (कॅपिटल) चं कॉम्प्रेशन घरच्या चांगल्या जाळ्यावर उलट भार टाकतं, ते लावू नका.

तर्री_पोहे:
कूलर बरोबर मध्येच होता. पिंग ५ ते ९० मिलिसेकंद नाचत होतं, लॅपटॉप दाराजवळ नेल्यावर ६ च्या आसपास स्थिर. वर केबल ओढून घेतो. लाइट गेल्यावर डेस्कटॉपचा आयपी बदलतो, त्याचं काय करू?

बर्डीकर:
राउटरच्या डीएचसीपी (आयपी वाटायच्या) पानावर डेस्कटॉपच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) एक आयपी राखून ठेवा. आणि राउटर बंद पडून जोडणी तुटली की गिंपमधलं न साठवलेलं काम जातं, ते '-वाय' ने वाचणार नाही. त्यासाठी दोन्हीकडे जवळजवळच्या आवृत्तीचं एक्सप्रा टाका. त्यात प्रोग्राम डेस्कटॉपवर चालूच राहतो आणि तुम्ही पुन्हा अटॅच होता. डेस्कटॉप मात्र यूपीएसवर हवा.