विषय: जर्मनीहून सामान मागवलं तर कस्टम का?

नमस्कार मंडळी,
आम्ही नुकतेच ॲमस्टरडॅमहून ओस्लोला शिफ्ट झालोय. तिथे असताना जर्मनीतल्या एका दुकानातून डाळी, पोहे, मसाले मागवायचो, दोन-तीन दिवसात सामान दारात. इथे तशीच ऑर्डर दिली तर पार्सल अडकलं, व्हॅट वेगळा आणि वर क्लिअरन्सची फी. नॉर्वे शेंगेनमध्ये आहे, येताना पासपोर्टसुद्धा कोणी बघितला नाही, मग पोह्यांना कस्टम कसलं? नीट माहिती असलेल्या कोणीतरी सांगा प्लीज.

---

नमस्कार, आणि ओस्लोत स्वागत.
शेंगेन माणसांपुरतं आहे, मालाचं गणित वेगळं. नॉर्वेने युरोपियन युनियनला दोनदा नाही म्हटलं, 1972 ला 53.5 टक्क्यांनी आणि 1994 ला 52.2 टक्क्यांनी. पण 1994 पासूनच युनियनशी ईईए (युरोपियन इकॉनॉमिक एरिया) करार लागू आहे, त्यामुळे नोकरी, कंपन्या, सर्व्हिसेस, बहुतेक कारखान्यांचा माल यांना युनियनचं सिंगल मार्केट मोकळं. कस्टम्स युनियनमध्ये, म्हणजे आपापसातल्या मालाला कस्टम न लावणाऱ्या गटात, मात्र आपण नाही, आणि शेती नि मासेमारी दोन्ही मुद्दाम बाहेर ठेवलेत, म्हणून स्वीडनच्या सीमेवर स्वीनेसुंदच्या पुलावर आजही कस्टमवाले असतात आणि शनिवारी अर्धं ओस्लो स्वस्त मटण-चीजसाठी स्वीडनला पळतं. इथल्या शेतकऱ्याला सांभाळायला 2013 पासून काही चीजवर 277 टक्के ड्युटी आहे!
पण त्याची दुसरी बाजू आम्हाला बर्गनमध्ये रोज दिसते. ताजा सामन मासा (salmon) युनियनमध्ये जाताना 2 टक्के ड्युटी लागते, तोच स्मोक करून पाठवला तर 13. मग कोण इथे स्मोक करत बसणार, मासा बर्फात घालून ट्रकने पोलंड-डेन्मार्कला जातो आणि कामही त्याच्याबरोबर तिकडेच जातं. मासा आपला, रोजगार त्यांचा, हे मला फार लागतं.
– बर्गनहून काका

---

काका, सगळं पटलं पण "सिंगल मार्केट मोकळं" हे आता तितकं खरं राहिलेलं नाही. आमच्या मू-इ-रानाला, इथे उत्तर नॉर्वेत, फेरोसिलिकॉन (पोलाद बनवताना लागणारा मिश्रधातू) बनतं. नोव्हेंबर 2025 मध्ये युनियनने अशा मिश्रधातूंवर, म्हणजे फेरोअलॉयवर, तीन वर्षांसाठी सेफगार्ड (आयातीवर मर्यादा) लावला, त्यात ईईएमधले असूनही नॉर्वे आणि आइसलंड दोघांनाही वगळलं नाही. नियम आपण त्यांचे निमूटपणे पाळायचे, ते ठरतात तेव्हा ना युनियनच्या पार्लमेंटमध्ये आपला माणूस ना कौन्सिलमध्ये, 2021 ते 28 या काळातल्या ईईए ग्रँट्सचे (युनियनमधल्या कमी श्रीमंत देशांना द्यायची मदत) तीन अब्ज युरोहून जास्त द्यायचे, त्यातला जवळजवळ सगळा वाटा नॉर्वेचा, आणि वेळ आली की आपण परके! मला तर वाटतं सरळ मेंबर व्हावं आणि टेबलावर बसून भांडावं.
– मू-इ-रानाहून

---

ताई, तुमचा राग रास्त आहे, फेरोअलॉयचं जे झालं ते चूकच. पण मेंबरशिपला माझं मत अजून नाहीच. 1994 ला ओस्लोत दोन तृतीयांश लोक हो म्हणाले आणि अगदी उत्तरेकडच्या फिनमार्कमध्ये जवळजवळ तीन चतुर्थांश नाही, कारण तिथल्या गावांचं पोट किनाऱ्यावरच्या कॉड माशावर आणि मेंबर झालं की मासे किती पकडायचे तो कोटा ब्रसेल्समध्ये ठरणार. ती भीती आजही गेलेली नाही. युनियनच्या विजेच्या नियमांवरूनच बघा, जानेवारी 2025 मध्ये सेंटर पार्टी सरकार सोडून बाहेर पडली. मला विचाराल तर आधी स्मोक्ड सामनवरची ती 13 टक्के ड्युटी काढून घ्यायला जोर लावावा, त्यासाठी मेंबर व्हायची गरज नाही, वाटाघाटीत मागता येतं. आपल्यातले ज्यांच्याकडे इथलं नागरिकत्व आहे त्यांनी आपापल्या भागातल्या खासदाराला हे लिहावं, मी लिहिलंय, ड्राफ्ट हवा असेल तर इथेच टाकतो.
– काका